बातमी लिहायला नव्हती तेव्हा: मुंबईचं अमेरिकन मराठी मिशन, १८१२ ते १८२७

१८१८ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल न्यूअल या दोन अमेरिकन मिशनऱ्यांनी मायदेशातल्या चर्चच्या मंडळ्यांसाठी एक पुस्तिका लिहिली. दोघंही पस्तिशीच्या आतले. हॉल पाच वर्षांपासून मुंबईत होते, न्यूअल चार. मराठी शिकून ते रस्त्यावर, बाजारात, देवळांच्या आवारात उभं राहून रोज बोलत होते. इतक्या वर्षांत इथल्या एकाही माणसाचा बाप्तिस्मा त्यांच्या हातून झाला नव्हता.

अशा वेळी घरी काय कळवायचं? दोघांनी गणित कळवलं. जगात सुवार्ता न पोचलेले लोक साठ कोटी. वीस हजार माणसांमागे एक मिशनरी धरला तर तीस हजार मिशनरी लागतील. तेवढे पाठवण्याची ताकद अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मंडळ्यांत आहे, आणि ताकद आहे म्हणजे ते त्यांचं कर्तव्य आहे. अॅन्डोव्हरला ही पुस्तिका छापली गेली आणि तिच्या नावातच साठ कोटींचा दावा होता. एकही माणूस पदरात नसलेले दोघे जण साठ कोटींचा हिशोब मांडत होते आणि घरी बसलेल्यांना वर जाबही विचारत होते.

आपल्याकडे मंडळीत मिशनचा अहवाल वाचतात तेव्हा बहुतेकांचे कान आकड्यांकडे असतात. बाप्तिस्मे किती, नव्या प्रार्थनासभा किती, इमारत कुठवर आली. आकडे चांगले असले की दानार्पणाची थैली जड होते, असं आपण धरून चालतो. अमेरिकन मराठी मिशनची पहिली पंधरा वर्षं या समजुतीच्या आड येतात. त्या काळात सांगण्याजोगं फळ जवळजवळ काहीच नव्हतं, तरी माणसं येत राहिली आणि पैसा येत राहिला. तो कशाच्या बळावर आला, हे पाहायला या प्रकरणाइतकं चांगलं प्रकरण मला तरी दुसरं सापडलेलं नाही.

गवताच्या गंजीपासून सेलमपर्यंत

सुरुवात मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या विल्यम्सटाउनची. १८०६ च्या उन्हाळ्यात विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी शेतात प्रार्थनेला जमले असताना वादळ आलं. ते गवताच्या गंजीच्या आडोशाला गेले आणि तिथेच आशिया खंडात सुवार्ता नेण्याबद्दल बोलणं झालं. अमेरिकेतल्या परदेशी मिशनकार्याचा उगम सगळे इथेच धरतात. हॉल याच कॉलेजचे. १८१० च्या जूनमध्ये ब्रॅडफर्ड गावी काँग्रिगेशनल या प्रोटेस्टंट पंथाच्या पाळकांच्या सभेनं परदेशी मिशनांसाठी अमेरिकन बोर्ड स्थापन केलं. पहिल्या वर्षी बोर्डाकडे जमा झाले जेमतेम हजार डॉलर.

एवढ्या पैशात आशिया कसा गाठणार? म्हणून अॅडोनिराम जडसन या तरुणाला लंडनला पाठवलं. इंग्रजांच्या मिशनरी सोसायटीनं खर्चाला हातभार लावावा, अशी विनंती त्याच्याजवळ दिली. वाटेत फ्रेंचांनी त्याचं जहाज पकडलं आणि त्याला काही काळ तुरुंगात काढावा लागला. लंडनवाले म्हणाले, तुमची माणसं आम्ही आमची म्हणून नेऊ, पण भागीदारी नको. अमेरिकनांना ते लागलं. मग घरच्या घरी वर्गणी सुरू झाली आणि तीन आठवड्यांत सहा हजार डॉलरच्या वर जमले. सेलमच्या मेरी नॉरिस नावाच्या विधवाबाईंनी मृत्युपत्रात बोर्डासाठी तीस हजार डॉलर ठेवले होते, पण त्यावर वाद लागला आणि ते लगेच हाती आले नाहीत.

बोर्डाच्या नोंदणीचा प्रश्न मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात आला, तिथला एक किस्सा प्रसिद्ध आहे. एका सभासदानं आक्षेप घेतला की आपल्याकडेच धर्म पुरेसा नाही, तो बाहेर कशाला पाठवायचा? दुसऱ्यानं उत्तर दिलं की धर्म हा असा माल आहे, जितका बाहेर पाठवावा तितका घरात जास्त उरतो. सेलम हे व्यापारी बंदर, आयात-निर्यातीची भाषा तिथल्या लोकांच्या तोंडी बसलेली. पुढच्या पंधरा वर्षांत या वाक्याची परीक्षा झाली, म्हणून ते लक्षात ठेवावं.

६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलमच्या टॅबर्नॅकल मंडळीत पाच जणांना पाळकीय दीक्षा मिळाली: जडसन, न्यूअल, नॉट, हॉल आणि राइस. हिवाळा कडक होता, तरी देऊळ भरलं होतं. दोन आठवड्यांत जडसन आणि न्यूअल सपत्नीक सेलमहून निघाले. हॉल, राइस आणि नॉट दांपत्य फिलाडेल्फियाहून दुसऱ्या जहाजानं गेले.

कंपनी सरकारची दारं

पुढचं वर्ष म्हणजे एकामागून एक वाईट बातम्या.

जहाज कलकत्त्याला लागण्याच्या सुमारासच अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात युद्ध पुकारलं गेलं. म्हणजे हे लोक आता शत्रूराष्ट्राचे नागरिक. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी तसेही नकोच होते. १८०६ साली वेल्लोरला शिपायांचं बंड झालं होतं आणि धर्मात ढवळाढवळ झाल्याचा संशय त्यामागे होता, त्यामुळे कंपनी ताकही फुंकून पीत होती. हुकूम निघाला की देश सोडा.

तेवढ्यात जडसन दांपत्याचं बाप्तिस्म्याविषयीचं मत बदललं. प्रवासभर जडसन पवित्र शास्त्राचा अभ्यास करत होते. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या बाप्टिस्ट, म्हणजे बाप्तिस्मा मोठेपणी आणि पाण्यात बुडूनच घ्यावा असं मानणाऱ्या, मिशनऱ्यांशी वाद घालायची वेळ येईल म्हणून तयारी चालली होती, आणि तयारी करता करता त्यांचंच म्हणणं पटलं. कलकत्त्याला नवरा-बायकोनं पाण्यात बुडून नवा बाप्तिस्मा घेतला. थोड्याच दिवसांत ल्यूथर राइस यांनीही. काँग्रिगेशनल मंडळ्यांनी पै-पै जमवून पाठवलेल्या पाचांतले दोन जण पंथ सोडून गेले. बॉस्टन-सेलमकडे ही खबर पोचली तेव्हा काय झालं असेल याची कल्पना करता येते. बाप्टिस्टांना मात्र परदेशात आयते मिशनरी मिळाले, आणि त्यांच्या पाठीशी उभं राहण्यासाठी १८१४ साली फिलाडेल्फियाला त्यांनी आपली राष्ट्रीय संस्था उभारली.

न्यूअल दांपत्य कंपनीच्या हुकमामुळे मॉरिशसकडे, म्हणजे तेव्हाच्या 'आयल ऑफ फ्रान्स'कडे, निघालं. वाटेत जहाजावरच हॅरिएट बाळंत झाली. मूल काही दिवसांतच गेलं. पोर्ट लुईला पोचल्यावर ३० नोव्हेंबर १८१२ रोजी क्षयानं तीही गेली. वय एकोणीस.

हॉल आणि नॉट यांनी वेगळी वाट धरली. मुंबईला सर इव्हान नेपियन हे नवे गव्हर्नर आले होते आणि ते बायबल सोसायटीचे हितचिंतक, असं त्यांच्या कानावर आलं. कलकत्त्याचे पोलीस शोधत असतानाच ते मुंबईच्या जहाजावर चढले आणि १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. अमेरिकन मराठी मिशन आपला जन्म या दिवसापासून धरतं. त्या दिवशी मिशन म्हणजे काय होतं? तीन माणसं, एक अर्ज, आणि मागोमाग कलकत्त्याहून येऊ घातलेला हद्दपारीचा हुकूम.

पुढचे दहा महिने सगळे अर्ज-विनंत्यांत गेले. नेपियन स्वतःच्या अधिकारात होता होईल तेवढी दिरंगाई करत राहिले. हुकूम अगदीच गळ्याशी आला तेव्हा नोव्हेंबरमध्ये हॉल आणि नॉट यांनी गुपचूप किनाऱ्यावरचं एक गलबत पकडलं आणि सिलोनच्या आशेनं कोचीन गाठलं. रोक्झाना नॉट तान्ह्या मुलासह मुंबईतच राहिल्या. कोचीनला दोघे पकडले गेले आणि परत आणले गेले. ज्या गव्हर्नरानं पाठीशी घातलं त्यालाच तोंडघशी पाडलं, हे त्यांचंही त्यांना कळत होतं. नंतर त्यांनी लेखी सफाई दिली. मला हे पलायन पटत नाही. ज्या माणसाच्या सद्भावावर आपण उभे आहोत त्याला न सांगता रात्री निघून जाणं, हे कुठल्याही हुकमापेक्षा वरच्या आज्ञेचं पालन म्हणून खपवता येत नाही. पण एक खरं, की त्यानंतर डिसेंबरमध्ये, जहाजाची तारीख ठरलेली असताना, हॉल यांनी नेपियन यांना जे पत्र लिहिलं त्यात गयावया नव्हती. देवाच्या न्यायासनापुढे या निर्णयाचा जाब द्यावा लागेल, अशा अर्थाचं ते पत्र होतं. नेपियन यांनी पुन्हा थांबवलं.

इकडे लंडनमध्ये १८१३ च्या जुलैतच कंपनीच्या नव्या सनदेचा कायदा मंजूर झाला होता आणि त्यात मिशनऱ्यांना परवाना मिळण्याची वाट खुली झाली होती. कंपनीच्या संचालकांपैकी चार्ल्स ग्रांट यांनी या दोघांची बाजू मांडली. १८१४ मध्ये राहण्याची परवानगी आली. त्याच वर्षी न्यूअल सिलोनहून मुंबईला येऊन मिळाले. पुढच्या वर्षी नॉट तब्येतीमुळे अमेरिकेला परतले.

घरी काय पोचत होतं

बॉस्टन ते मुंबई पत्राला चार-पाच महिने लागत, युद्धाच्या काळात त्याहून जास्त, आणि पोचेलच याची खात्री नाही. म्हणजे प्रश्न विचारल्यापासून उत्तर येईतो वर्ष जायचं. घरची मंडळी ज्या बातमीवर प्रार्थना करायची ती बातमी शिळी असायची. कधी कधी ज्याच्या प्रकृतीसाठी प्रार्थना चालली आहे त्याचं दफन होऊन महिने झालेले असायचे.

ही पत्रं वाचण्याची एक ठरलेली जागा होती. महिन्याच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी गावोगावच्या मंडळ्यांत मिशनसाठी प्रार्थनासभा भरे. बोर्डाच्या मासिकात, जे १८२१ पासून 'मिशनरी हेराल्ड' या नावानं निघू लागलं, मिशनऱ्यांची पत्रं आणि रोजनिशीचे उतारे येत. पाळक ते मोठ्यानं वाचत, मग प्रार्थना, मग थैली. न्यू इंग्लंडच्या खेड्यातल्या शेतकऱ्याला मुंबई कुठे आहे हे नकाशावर दाखवता आलं नसतं, पण हॉल यांनी गेल्या पावसाळ्यात कुणाशी काय वाद घातला हे त्याला ठाऊक होतं.

आणि या मिशनची सगळ्यात जास्त वाचली गेलेली बातमी कोणती? हॅरिएट न्यूअलची. तिची पत्रं आणि रोजनिशी, आणि तिच्या मृत्यूनिमित्त लेनर्ड वुड्स यांनी दिलेलं प्रवचन, असं पुस्तक १८१४ मध्ये निघालं आणि त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत राहिल्या. जिनं एकाही माणसाला सुवार्ता सांगितली नाही, जी कामाच्या गावी पोचलीच नाही, तिच्या नावानं अमेरिकेतल्या घराघरांत मुलींची नावं ठेवली गेली. यशाच्या अहवालानं माणसं हलतात हा सिद्धांत इथे पहिल्यांदा कोसळतो. लोकांनी हॅरिएटमध्ये काय पाहिलं? ब्रॅडफर्डच्या शाळेत शिकलेली, आपल्या लेकीच्या वयाची पोर, जिनं जावं की नाही याचा घोळ महिनोन्महिने रोजनिशीत घातला आणि शेवटी गेली. तो घोळ लोकांना ओळखीचा होता.

तरी या पत्रव्यवहाराची दुसरी बाजू आपण मराठी वाचकांनी तरी डोळ्यांआड करू नये. सांगायला फळ नसलं की मिशनरी जमिनीच्या कठीणपणाबद्दल लिहितो. मुंबईहून गेलेल्या पत्रांत मूर्तिपूजेचा काळोख, पुजाऱ्यांचा लोभ, लोकांचं खोटं बोलणं यांवर पानंच्या पानं आहेत. घरच्यांना हुरूप यावा म्हणून आपल्या पणजोबा-खापरपणजोबांचं चित्र जितकं काळं करता येईल तितकं केलं गेलं. यातलं काही त्यांनी खरोखर पाहिलं होतं, पण तेवढंच पाहिलं नव्हतं. त्याच पत्रांत, बारीक नजरेनं वाचलं तर, भर रस्त्यात थांबून शांतपणे ऐकून घेणारे, उलट प्रश्न विचारून मिशनऱ्याला निरुत्तर करणारे, घरी बोलावून पाणी देणारे लोकही भेटतात. त्यांच्यावर कुणी प्रार्थनासभेत अश्रू ढाळले नाहीत, कारण ते बातमीत बसत नव्हते.

दरम्यान प्रत्यक्षात काय चाललं होतं

बाप्तिस्म्याच्या रकान्याखेरीज पाहिलं तर बरंच काही. १८१६ मध्ये होरेशिओ बार्डवेल आले आणि छापखाना उभा राहिला. १८१७ च्या मार्चमध्ये पहिली मराठी पुस्तिका छापून निघाली. शाळा निघाल्या. ख्रिस्ती शिक्षक मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून शिकवणारे हिंदू आणि बेने इस्राएल. कोकणात शतकानुशतकं राहिलेले, मराठी बोलणारे हे ज्यू लोक मिशनच्या शाळांत शिक्षक म्हणूनही आले आणि विद्यार्थी म्हणूनही. जुना करार आपलाच आहे, या नात्यानं ते त्यातली मराठी पुस्तकं वाचायचे. १८१९ मध्ये पहिला बाप्तिस्मा झाला तो हैदराबादकडच्या एका मुसलमान गृहस्थाचा. ज्या मराठी हिंदूंसाठी इतकी वर्षं भाषा घोटली त्यांच्यातलं मात्र कुणी नाही.

जेम्स गॅरेट हा छपाईचा जाणकार खरं तर सिलोनसाठी निघाला होता. तिथल्या इंग्रज गव्हर्नरानं त्याला राहू दिलं नाही, म्हणून तो मुंबईला आला. म्हणजे मुंबईच्या छापखान्याचा आधारस्तंभ हा सिलोन सरकारच्या नकारातून मिळाला. पुढे याच छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी मराठी छपाईचे सुबक खिळे तयार केले. त्यांच्या हाताखाली आणि आसपास शिकलेल्यांत गणपत कृष्णाजी होते, ज्यांनी स्वतःचा छापखाना काढून १८३१ मध्ये मराठी पंचांग छापलं, आणि नंतरच्या पिढीत निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी. मूर्तिपूजा उखडायला निघालेल्यांच्या छापखान्यातली विद्या पंचांगाच्या आणि संस्कृत पोथ्यांच्या कामी आली. देवाला विनोदाचं वावडं नसावं, असं मला अशा वेळी वाटतं.

१८२४ मध्ये मुंबईत मुलींची पहिली शाळा निघाली. मिशनऱ्यांच्या बायका तिच्यावर देखरेख करायच्या. स्वतःची बाळंतपणं, आजारपणं, मुलांचे मृत्यू सांभाळून. ते पुरणारं नव्हतं.

मृत्यूची रांग

१८२१ च्या मे महिन्यात न्यूअल पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं, गेले. त्याच वर्षी बार्डवेल आजारपणामुळे परतले. १८१८ मध्ये आलेले जॉन निकोल्स १८२४ अखेर वारले. १८२४ मध्ये आलेले एडमंड फ्रॉस्ट त्याच्या पुढच्याच वर्षी. १८२५ मध्ये हॉल यांची पत्नी मार्गारेट दोन्ही मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली, मुलांच्या तब्येती इथे टिकेनात म्हणून. थोरला मुलगा समुद्रातच गेला.

१८२६ उजाडलं तेव्हा मुंबईत उरले होते हॉल, अॅलन ग्रेव्ह्ज आणि छपाईवाले गॅरेट. बोर्डाच्या जागी एखादा धोरणी व्यवस्थापक असता तर त्यानं तेरा वर्षांचा ताळेबंद मांडून गाशा गुंडाळला असता, आणि त्याला कुणी दोष दिला नसता. हॉल यांनी त्या वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मंडळ्यांना शेवटचं आवाहनपत्र लिहिलं, मराठी बोलणाऱ्या एक कोटी वीस लाख लोकांच्या वतीनं. १८१८ च्या पुस्तिकेतले साठ कोटी आता एक कोटी वीस लाखांवर आले होते. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. तरुणपणी त्यांनी सगळं जग मांडलं होतं. आता बेचाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांनी एक भाषा मांडली, जी ते स्वतः बोलत होते, जिच्यात नवा करार छापून पुरा होत होता. 'जग' म्हटलं की ऐकणारा मान डोलावतो आणि घरी जातो. 'मराठी बोलणारे इतके लोक, आणि त्यांच्यासाठी तुमची इतकीच माणसं' असं म्हटलं की त्याला उत्तर द्यावं लागतं.

मार्चमध्ये हॉल पुस्तकं घेऊन नाशिकला गेले. बरोबर दोन ख्रिस्ती मुलगे होते. नाशिकमध्ये पटकीचा कहर चालला होता. त्यांच्याजवळ औषध होतं ते त्यांनी तिथल्या आजाऱ्यांना वाटलं. स्वतःसाठी अगदी थोडं राखलं. मग ते परत फिरले. रात्री उशिरा वाटेवरच्या एका गावी देवळाच्या ओसरीवर मुक्कामाला टेकले. पहाटे त्यांनाच पटकी झाली. औषध घेतलं ते उलटून पडलं. त्यांनी मुलांना सांगितलं की आपण वाचणार नाही, आणि आपल्यामागे काय करायचं तेही सांगितलं. २० मार्च १८२६, दुपारच्या सुमारास ते गेले. वय एक्केचाळीस.

पुरायला जागा मिळवणं, खड्डा खणणं, पटकीनं मेलेल्या परक्या माणसाचं दफन करणं, हे सगळं त्या दोन मुलांनी निभावलं आणि मग चालत मुंबई गाठून बातमी सांगितली. मिशनच्या इतिहासात हॉल यांच्या मृत्यूची ओसरी सगळ्यांना आठवते. मला ती दोन मुलं आठवतात. तेरा वर्षांच्या कामाचं फळ शोधत बसलेल्यांना ते त्या दिवशी त्या खड्ड्याशी फावडं घेऊन उभं दिसलं असतं.

उत्तर

हॉल यांचं आवाहन अमेरिकेत वाचलं गेलं तेव्हा ते लिहिणारा हयात नव्हता. 'मिशनरी हेराल्ड'च्या वाचकांसमोर विनंती आणि मृत्यू अशा दोन्ही गोष्टी लागोपाठ आल्या. आजच्या भाषेत याला प्रभावी प्रचार म्हणतील, पण हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं. पटकी आणि टपाल यांच्या वेगातला तो योगायोग.

१८२७ च्या जूनमध्ये बॉस्टनहून पाच जण निघाले: डेव्हिड अॅलन आणि सायरस स्टोन हे दोन पाळक, त्यांच्या बायका, आणि न्यू हॅम्पशायरच्या सिंथिया फरार. वर्षअखेरीस ते मुंबईत होते. फरारबाई बत्तिशीच्या, अविवाहित, पेशानं शिक्षिका. मुलींच्या शाळांसाठी एक शिकवणारी बाई पाठवा, अशी मागणीच मुंबईनं केली होती. एकटी बाई समुद्रापार पाठवायची की नाही यावर तोवर पाळक मंडळींची मतं फारशी अनुकूल नव्हती. बोर्डानं समुद्रापार पाठवलेल्या पहिल्या काही अविवाहित बायकांपैकी त्या एक.

इथे मला या प्रकरणाचा गाभा दिसतो. साठ कोटींच्या पुस्तिकेनं अमेरिकेत खळबळ माजवली, तरुणांच्या मनात ठिणगी पाडली, हे खरंच. पण मुंबईला प्रत्यक्ष माणूस मिळाला तो नेमक्या मागणीमुळे. मुलींची शाळा आहे, चालवणारी मेली किंवा थकली आहे, एक शिक्षिका द्या. हुरूप देणारी बातमी म्हणजे यशाची बातमी, असं आपण उगाच धरून बसतो. त्या पंधरा वर्षांत न्यू इंग्लंडच्या मंडळ्यांना ज्यांनी हलवलं त्या गोष्टी अशा: एका एकोणीस वर्षांच्या मुलीचं मरण, जाब विचारणारं एक गणित, आणि एका शिक्षिकेची मागणी. यातली एकही गोष्ट अहवालाच्या तक्त्यात मावत नाही.

एक शंका मात्र राहते आणि ती मी झटकून टाकत नाही. मरणाच्या बातम्यांवर चालणारं मिशन मरणांची सवय लावून घेतं. हॅरिएटच्या पुस्तकाच्या आवृत्त्या निघत असताना, पुढच्या जहाजावर चढणाऱ्या मुलीला तिच्यासारखंच मरण येऊ शकतं याचा विचार बोर्डानं किती केला? हवा, पाणी, राहण्याची जागा, उन्हाळ्यात डोंगरावर जाण्याची सोय, या गोष्टी मिशनांना फार उशिरा सुचल्या. हुतात्म्याचं तेज एकदा मिळालं की ओसरीवर झोपायला लावणारी व्यवस्था बदलायची निकड कुणाला वाटत नाही. ग्रेव्ह्ज, हॉलिस रीड आणि विल्यम हर्वी यांनी १८३१ अखेर अहमदनगरला ठाणं उघडलं. काही महिन्यांत हर्वी पटकीनं गेले.

पण अहमदनगरला वेगळं घडलं. तिथे मंडळी उभी राहिली, हळूहळू, आणि मराठी माणसांची. हेन्री बॅलंटाइन यांच्या संपादकत्वाखाली १८४२ च्या जूनमध्ये मिशनचं 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघालं. बॉस्टनच्या सोमवारच्या प्रार्थनासभेत इंग्रजीत आपल्याविषयी वाचलं जायचं. आता मराठी ख्रिस्ती माणूस स्वतः मराठीत लिहू लागला आणि हिंदू वाचक त्याला तिथल्या तिथे उत्तर देऊ लागला. पत्र चार महिने समुद्रावर नसायचं. अतिशयोक्ती केली तर पुढच्या अंकात पकडली जायची.

फरारबाई १८३९ मध्ये नगरला गेल्या आणि मुलींच्या शाळा चालवत १८६२ मध्ये तिथेच वारल्या. मधल्या काळात पुण्याचे जोतीराव फुले आपले मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याकडे नगरला आले असताना त्यांनी या शाळा पाहिल्या. मुली वाचत होत्या. परत गेल्यावर १८४८ मध्ये बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली, आणि शिकवण्याचं प्रशिक्षण घेण्यासाठी सावित्रीबाई नगरला फरारबाईंकडे गेल्या.